वाळूच्या ट्रकांची रांग

वातुसारीच्या प्राथमिक शाळेसमोरचा रस्ता अकरा वर्षं खड्ड्यांत होता, आणि तो नीट व्हावा म्हणून सगळ्यांत जास्त खेटे कोणी घातले असतील तर ते हार्तिनीबाईंनी. पहिलीचा वर्ग सुटला की पायात चपला सरकवायच्या, घरोघर जाऊन सह्या घ्यायच्या, बस पकडून तालुक्याला जायचं आणि साहेब जेवायला गेलेत हे ऐकून परत यायचं. अखेर रमजानच्या आधी रोलर आले. पंधरा दिवस सगळ्या गावाला डांबराचा वास येत होता. मग रस्ता असा गुळगुळीत झाला की म्हाताऱ्या बायका संध्याकाळी नुसत्या बघायला येऊन उभ्या राहायच्या. गावानं पिवळ्या भाताची रास घालून जेवण केलं आणि राशीचं टोक कापून पहिलं ताट बाईंच्या हातात दिलं.

खड्डे होते तोवर डोंगरावरच्या नदीतून वाळू भरून उतरणारे ट्रक शाळेसमोरून गाभण म्हशीसारखे जायचे, डोलत, कण्हत. पोरं त्यांच्या बाजूनं चालत त्यांच्या पुढे निघून जायची. डांबर पडलं आणि त्याच ट्रकांना पंख फुटले. पहिल्या महिन्यात तीन कोंबड्या गेल्या. दुसऱ्या महिन्यात गावच्या मुखियाची, पाक लुराहची, शेळी गेली.

"बू गुरू, तुमच्या रस्त्यानं माझी शेळी खाल्ली हो," पाक लुराह हसत म्हणाले. मास्तरीणबाईंना तिकडे बू गुरू म्हणतात, तसंच वडीलधाऱ्या पुरुषाला पाक. लहानथोर सगळे बाईंना याच नावानं हाक मारत.

बाई हसल्या नाहीत.

तिसऱ्या महिन्यातला एक सोमवार. सोमवारी झेंडावंदन, त्यामुळे सगळी पोरं लाल-पांढऱ्या गणवेशात, डोक्यावर टोप्या घालून येत होती. बाई फाटकात उभ्या होत्या. दुसरीतली किनांती रस्त्यापलीकडे आजोबांच्या मोपेडवरून उतरली, आजोबांच्या हाताला कपाळ लावून तिनं निरोप घेतला, तेवढ्यात वाऱ्यानं तिची टोपी उडाली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन पडली. किनांती टोपीमागे धावली.

वरच्या वळणावरून हिरवा ट्रक आला.  टायर किंचाळले, ट्रक तिरपा झाला, चिलोक विकणाऱ्याच्या हातगाडीला घासत गेला आणि फाटकाच्या खांबावर आदळून थांबला. हातगाडीवरचे साबुदाण्यासारखे पांढरे चिलोकचे गोळे रस्ताभर घरंगळले. मग सगळं गप्प झालं. इतकं गप्प की ट्रकमधून गळणाऱ्या वाळूचा सळसळाट ऐकू येत होता.

किनांती रस्त्याच्या मधोमध उभी होती. छातीशी टोपी धरलेली. तिच्यापासून दोन हातांवर टायरचे काळे पट्टे.

बाई धावल्या. पोरीला उचललं, चाचपलं, डोकं पाहिलं, हात पाहिले, पाय पाहिले. गुडघा खरचटला होता, बस. "बू गुरू, टोपी मळली," एवढं बोलून किनांती रडायला लागली, आणि तिचं ते रडणं ऐकून बाईंच्या जिवात जीव आला. रडतेय म्हणजे धडधाकट आहे.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. पुढच्या चाकाला टेकून तो उकिडवा बसला. चिलोकवाला त्याच्यावर धावून गेला, किनांतीचे आजोबा गेले, आणि चारजण मुठी वळून निघाले. ड्रायव्हरनं मान वर केली.

"बू गुरू," तो म्हणाला. "ब्रेक लागला. लागला ना? लागला ना, बू गुरू?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. डाव्या भुवईत तीच खाच, झोपाळ्यावरून पडून झालेल्या जखमेची. वागियो. तीस वर्षांपूर्वी पहिलीत तिसऱ्या बाकावर बसायचा. त्याला पहिली अक्षरं त्यांनीच गिरवून दिली होती.

"कोणी हात लावू नका त्याला," बाई म्हणाल्या. "माझा आहे तो."

*

त्या आठवड्यात गावात बैठक झाली. सगळे एकदम बोलत होते. मुद्दा एकच होता: गतिरोधक हवा. तिकडे गतिरोधकाला झोपलेला पोलीस म्हणतात.

"रस्ता प्रांताचा आहे," पाक लुराह म्हणाले. "आपल्याला त्यावर वीटसुद्धा ठेवता येत नाही. अर्ज करावा लागेल."

"जागा पोलीस तर या गावानं कधी पाहिला नाही," चिलोकवाला म्हणाला. "निदान झोपलेला तरी द्या म्हणावं."

लोक हसले, पण अर्जाची वाट पाहायला कोणी तयार नव्हतं. बाईंचे यजमान कुस्वादी टपाल खात्यातून निवृत्त झालेले, शांत माणूस. पण त्या रविवारी तेच फावडं घेऊन सगळ्यांत पुढे होते. सिमेंट आलं, खडी आली, बायकांनी केळ्याची भजी आणि चहा आणला, आणि दुपारपर्यंत शाळेसमोर एक झोपलेला पोलीस आडवा झाला. हौसेला मोल नसतं. उंची जरा जास्तच झाली. सोमवारी सकाळी ट्रक त्याच्यापाशी येऊन अक्षरशः गुडघे टेकत होते. बाई फाटकात उभ्या राहून बघत होत्या आणि मनातल्या मनात नवऱ्याला शाबासकी देत होत्या.

मंगळवारी अंडीवाला आला. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी अंड्यांचे ट्रे बांधलेले. त्याला नवा गतिरोधक ठाऊक नव्हता. तो एकीकडे उडाला आणि अंडी दुसरीकडे. माणसाला लागलं नाही, पण फुटलेल्या अंड्यांच्या राड्यात बसून त्यानं अशा शिव्या घातल्या की हेडमास्तरांनी वर्गांच्या खिडक्या लावून घेतल्या. त्यानं तक्रार केली. गुरुवारी प्रांताची गाडी आली, चार माणसं उतरली आणि हातोड्यांनी तासाभरात झोपलेला पोलीस फोडून टाकला. विनापरवाना बांधकाम, ते म्हणाले, आणि ते चुकीचं म्हणत नव्हते.

शुक्रवारी ट्रक पुन्हा उडायला लागले.

*

बाईंनी अर्ज लिहिला. अक्षर मुलांना घालून द्यावं तसं. बस पकडली, तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात गेल्या, आणि या वेळी साहेब जेवायला गेले नव्हते. टेबलामागे एक तरुण इंजिनियर होता, लिंतांग नावाचा, चष्मा नाकावर घसरलेला. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"बू, आधी वेग मोजावा लागतो," तो म्हणाला. "आकडे असले की मी वर पाठवू शकतो."

"मोजा की, मास लिंतांग. उद्याच या." तरुण माणसाला तिकडे मास म्हणतात.

तो खरंच आला. पण आला तो खात्याच्या जीपमधून, अंगात चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट, हातात पिस्तुलासारखी स्पीड गन, आणि उभा राहिला फाटकासमोर, सगळ्यांना दिसेल असा. पहिल्या ट्रकनं त्याला वळणावरूनच पाहिलं. मागच्या ट्रकांना त्यानं फोन केला असणार, कारण त्या सकाळी वातुसारीच्या रस्त्यानं जे ट्रक गेले ते नव्या नवरीसारखे खाली मान घालून गेले. एक ड्रायव्हर तर थांबून लिंतांगला "कुठं जायचंय का, मास? सोडू?" असं विचारून गेला.

दोन तासांनी लिंतांगनं वही बंद केली. "सरासरी ताशी सत्तावीस किलोमीटर. कागदावर तुमचा रस्ता जिल्ह्यातला सगळ्यांत सुरक्षित रस्ता आहे, बू."

बाईंना इतका राग आला की त्यांनी त्याला घरी जेवायला नेलं. कुस्वादींनी ताट वाढलं. त्याच्या पानात सोयाबीनचे तेंपे, भात, मिरचीचा झणझणीत सांबाल पडल्यावर बाई म्हणाल्या, "ते जाकीट काढून ठेवा. गाडी आमच्या मागच्या अंगणात लावा. आणि उद्या सकाळी साडेसहाला चिलोकवाल्याच्या गाडीमागे माझ्याशेजारी बसा. गिऱ्हाईक म्हणून."

लिंतांगनं हनुवटी खाजवली. मग तो हसला.

दुसऱ्या दिवशी तो साध्या सदऱ्यात येऊन बसला. गोळ्यांची पिशवी मांडीवर आणि पिशवीआड स्पीड गन. पहिला ट्रक गेला. त्यानं आकडा पाहिला आणि चघळणं थांबवलं. "अडुसष्ट." दुसरा एकसष्ट. तिसरा चौऱ्याहत्तर, त्याच्या वाऱ्यानं गाडीवरची छत्री उलटी झाली.

"लिहा," बाई म्हणाल्या.

"लिहितोय, बू." पलीकडे पोरं रस्ता ओलांडायला उभी होती, एकमेकांचे दप्तराचे पट्टे धरून.

जाताना त्यानं खरं ते सांगितलं. आकडे तो आजच वर पाठवेल. शाळेसमोर उंच क्रॉसिंग होईल, नीट मापात, रंग देऊन, आधी पाट्या लावून. पण पुढच्या वर्षीच्या आराखड्यात. त्याआधी होणं त्याच्या हातात नव्हतं.

"पुढच्या वर्षापर्यंत माझ्या वर्गातली पोरं दोनशे दिवस हा रस्ता ओलांडतील," बाई म्हणाल्या.

"मला कळतं, बू. मी वेग मोजू शकतो. त्यांना एवढी घाई कशाची असते, ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही."

तो गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं: घाई कशाची असते हे आजवर त्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं.

*

वागियोच्या घरी त्या गेल्या तेव्हा तो अंगणात ट्रकचा चेपलेला भाग ठोकत बसला होता. त्यांना पाहून घाईनं उठला, हात पुसले, वाकून त्यांच्या हाताला कपाळ लावलं. बायकोनं चहा आणला.

"उद्या मला तुझ्या ट्रकमधून यायचंय," बाई म्हणाल्या. "वरून खालपर्यंत."

"बू गुरू, चेष्टा करताय."

"मी तुझी चेष्टा कधी केली होती का?"

"केली होती. मी सात उलटा काढायचो तेव्हा."

"तेव्हा तू चेष्टेच्याच लायकीचा होतास. किती वाजता निघतोस?"

सत्तावन्न वर्षांच्या बाई, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, अंगात गुरुवारचा बाटिकचा गणवेश, पायरीला पाय पुरेना म्हणून वागियोनं पाण्याचा पिंप उपडा घालून त्यांना ट्रकमध्ये चढवलं. हेडमास्तरांकडून त्यांनी सकाळची रजा घेतली होती. नदीत पोकलेन वाळू भरत होता. आजूबाजूचे ड्रायव्हर बघून बघून दमले. त्यांतले निम्मे बाईंच्याच हाताखालून गेलेले. ज्यांनी बिड्या शिलगावल्या होत्या त्यांनी त्या पाठीमागे लपवल्या.

ट्रक निघाला. वागियो दहा वर्षं तीच वाट उतरत होता, तरी बाई शेजारी असल्यामुळे त्यानं पहिलीतल्यासारखी पाठ ताठ केली होती.

"नेहमी चालवतोस तसा चालव," बाई म्हणाल्या. "मला दाखवायला हळू जाऊ नकोस."

मग तो बोलायला लागला. उतरणाऱ्या दहांतल्या आठ ट्रकांचं तोंड एकाच जागी, हाजी मुनासिरच्या वाळूच्या डेपोकडे. डेपोचं दार एक, वाळू रिकामी करायची जागा एक. जो आधी पोचेल तो आधी रिकामा होणार. पाच मिनिटांनी मागे पडलात तर पुढे सहा ट्रक. सहा ट्रक म्हणजे दीड तास उन्हात. दिवसाला तीन खेपांच्या दोन झाल्या की घर चालत नाही.

"म्हणजे वाळू नासते म्हणून घाई नाही."

"वाळू कशी नासेल, बू गुरू? रांग नासते."

पहिलं गाव मागे पडलं. आरशात एक लाल ट्रक दिसायला लागला. त्याचा ड्रायव्हर वागियोचाच चुलतभाऊ. तो जवळ आला, बाजूला आला, खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं वागियोला टाटा केला आणि पुढे गेला. बाईंना ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते त्यांना तेव्हा कळलं नाही. मग निळा ट्रक मागे आला.

"हा पण जाणार पुढे?" त्यांनी विचारलं.

"गेला तर जाईल."

"असा कसा जाईल? तू अर्धा तास थांबून भरून घेतलंस." निळा ट्रक बाजूला आला. बाईंनी समोरची पट्टी धरली. "अरे, दाब ना! वागियो, दाब! हॉर्न मार, हॉर्न! घुसू देऊ नकोस त्या मेल्याला!"

वागियोनं दाबलं. निळा ट्रक मागे राहिला. बाईंच्या तोंडून "हा!" असा आनंदाचा आवाज निघाला. अगदी तेव्हाच वळण संपलं आणि समोर शाळेचं लाल कौलारू छप्पर दिसलं.

वागियोनं आधीच पाय ब्रेकवर नेला होता. त्या सोमवारपासून वळणावर त्याचा पाय आपोआपच जायचा. ट्रक मंदावला. फाटकापाशी पोरांचा घोळका होता. काचेतून बाईंना डोकी दिसली, मग ट्रक जवळ गेला तशी डोकीही दिसेनाशी झाली. पोरं काचेच्या खाली गेली होती. बाईंनी पुढे वाकून पाहिलं तरी काही दिसेना.

"इथून दिसत नाहीत?" त्यांनी हळू विचारलं.

"शेवटचे चार हात दिसत नाहीत, बू गुरू. मला त्या दिवशी नुसती टोपी दिसली. पांढरं काहीतरी. मला वाटलं, कागद आहे."

बाईंचे कान तापले होते. आपण "दाब" म्हणालो हे त्यांना आठवत होतं, आणि म्हणताना किती बरं वाटलं होतं तेही. तीन महिने त्या या माणसांना राक्षस समजत होत्या. फक्त नऊ किलोमीटर त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्याही तशाच झाल्या.

"मी मघाशी जे ओरडले ते घरी सांगू नकोस," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

"छे, छे," वागियो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वातुसारीला ते कळलं होतं.

*

डेपोच्या दारात अकरा ट्रक उभे होते. हाजी मुनासिर पत्र्याच्या छपराखाली खुर्ची टाकून बसले होते. पांढरी टोपी, मोठं पोट, हातात काचेचा चहाचा पेला. वाळूच्या ट्रकमधून मास्तरीण उतरताना पाहून ते उठून उभे राहिले.

"बू हार्तिनी! तुम्ही कधीपासून वाळू वाहायला लागलात?"

"आजपासून. पाक हाजी, तुमच्याकडे नळ आहे का?"

"नळ? हात धुवायचाय?"

"नाही. माझ्या वर्गाची गोष्ट सांगायचीय." बाई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "आमच्या शाळेत हात धुवायला नळ एकच. पोरं चाळीस. जेवणाची घंटा झाली की सगळी धावायची. कोणी पडायचं, कोणाचा दात तुटायचा. मी वर्षभर ओरडले, छड्या दाखवल्या, कोपऱ्यात उभं केलं. काही फरक नाही. मग मी वर्गाच्या दारातच नंबर द्यायला लागले. पत्र्याचा बिल्ला, त्यावर आकडा. नळावर बिल्ल्याप्रमाणेच हात धुवायचे. दुसऱ्या दिवसापासून पोरं चालत जायला लागली. पळून करणार काय? नंबर तर हातातच आहे."

हाजींनी चहाचा घोट घेतला. "माझा डेपो म्हणजे पहिलीचा वर्ग नाही, बू."

"नाही कसा? निम्मी पोरं माझीच आहेत. तेव्हाही रांगेत घुसायची."

मागे उभे असलेले ड्रायव्हर खिदळले. हाजी मात्र हसले नाहीत. ते हुशार माणूस होते. त्यांना बोलणं कुठं चाललंय ते कळलं होतं. "वर नंबर द्यायचा म्हणता. वर माझा माणूस भरणी लिहितोच, त्याच्या हातून देता येईल. पण समजा पाच नंबरवाला वाटेत कॉफी प्यायला बसला. मग सहा, सात, आठ त्याची वाट बघत बसणार? माझी जागा रिकामी?"

शाळेत कॉफीची दुकानं नव्हती.

उत्तर लाल ट्रकवाल्या चुलतभावानं दिलं. "जो हजर नसेल त्याच्या पुढचा घ्या, पाक हाजी. तो आला की लगेच त्याला घ्यायचं. त्याचा नंबर जात नाही, जागाही रिकामी राहत नाही."

"दुपारपर्यंत आलाच नाही तर?"

"तर शेवटी. कॉफी पिऊन पिऊन किती पिणार?"

आता चारपाच जण बोलायला लागले. कोणी म्हणालं, टायर फुटला तर? कोणी म्हणालं, वरचा माणूस आपल्या मेव्हण्याला आधी नंबर देईल. त्यावर वाद झाला, मेव्हण्यावरून शिव्या झाल्या, मग बाई आहेत हे आठवून माफी झाली. हाजी ऐकत होते आणि मान हलवत होते, पण ती मान होकाराची नव्हती. वीस वर्षं असंच चाललंय, ते म्हणाले. पोरं सांभाळायचं काम शाळेचं. मी रस्ता बांधला नाही.

"रस्ता मी आणला," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आलेय."

तेव्हा वागियो पुढे झाला. इतका वेळ तो ट्रकपाशीच उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"पाक हाजी, त्या सोमवारी मी तुमच्याकडे दुसरा पोचलो असतो," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी पळत होतो. पहिला गेलाच होता, तिसरा मागे होता. ती पोर माझ्या लेकीच्या वयाची आहे. मी नंतर पाहिलं, दोन हात राहिले होते. दोन हात. त्या दिवशी ब्रेकनं ऐकलं. आता रोज वळणावर माझा पाय आधीच ब्रेकवर जातो. मला नंबर द्या. शेवटचा द्या, चालेल. पण पळायला लावू नका."

हाजी मुनासिरांनी पेला खाली ठेवला.

"ती पोरगी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"नदीपलीकडच्या पाक सुरोसोंची नात," बाई म्हणाल्या. "तिचं नाव किनांती."

हाजींना सुरोसो माहीत होते. त्यांच्याकडून त्यांनी कधीकाळी बैल घेतले होते. ते दाराकडे, उन्हात उभ्या असलेल्या अकरा ट्रकांकडे बघत राहिले.

"एक आठवडा," ते म्हणाले. "बघू. आणि मेव्हण्याला आधी नंबर दिला तर वरच्या माणसाचा मीच नंबर लावतो."

*

पुढच्या सोमवारी बाई सहालाच शाळेत गेल्या. त्यांनी कुस्वादींनाही उठवून आणलं होतं. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. किनांतीचे आजोबा आले होते, पाक लुराह आले होते, चिलोकवाल्यानं नवी छत्री लावली होती. हाजींनी खरंच नंबर दिले असतील का, ड्रायव्हरांनी मानले असतील का, की वाटेत कोणीतरी कोणाला तरी टाटा करून पुढे गेलं असेल आणि सगळं मुसळ केरात गेलं असेल, कोणाला माहीत?

सहा पस्तीसला वळणावर ट्रकचा आवाज आला. बाईंनी कुस्वादींचं मनगट धरलं.

लाल ट्रक होता. वळण घेऊन तो खाली आला. येताना त्याचा आवाज वाढला नाही. सायकलच्या चालीनं तो फाटकापर्यंत आला, पोरं पाहून थांबला, आणि ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून तळवा खाली करत पोरांना म्हटलं, "मोंग्गो, मोंग्गो," या, या, जा पुढे. पोरं ओलांडून गेली. काचेला आतून पत्र्याचा बिल्ला लटकवला होता: एक. त्याच्या मागे दोन आला. मग तीन. वागियोचा नंबर सात होता. त्यानं हॉर्न वाजवला नाही, नुसतं बोट कपाळाला लावलं. त्याच्या मागे दुसऱ्या जिल्ह्यातला एक ट्रक अडकला होता, ज्याला नंबर नव्हता आणि घाई खूप होती. तो मागून कर्णा वाजवत होता, पण पुढे सात ट्रकांची रांग रमतगमत चालली होती, ओलांडायला जागा नव्हती, आणि त्यालाही सायकलच्याच चालीनं जावं लागलं.

"वाजव बाबा, वाजव," चिलोकवाला त्याला म्हणाला. "झेंडावंदनाला बँड नव्हताच."

पाक लुराह हसले. मग किनांतीचे आजोबा हसले आणि डोळे पुसायला लागले. बाईंना आपण रडू असं वाटलं होतं, पण जड बादली खाली ठेवावी तशा त्या नुसत्या फाटकाच्या दगडावर बसल्या. कुस्वादी मनगट चोळत होते. तिथं चार बोटांचे ठसे उमटले होते.

तेवढ्यात फोन वाजला. लिंतांग होता. तो सकाळपासून वळणापाशी मोपेड लावून बसला होता, साध्या सदऱ्यात. "सव्वीस, बू," तो म्हणाला. "चोवीस. अठ्ठावीस. काय केलंत तुम्ही?"

"आता क्रॉसिंग मिळणार नाही की काय?" बाई घाबरून म्हणाल्या.

"मिळणार. जुने आकडे तारखेसकट वर गेलेत, आणि ते खरे आहेत. क्रॉसिंग आजच्या आकड्यांवर अवलंबून राहत नाही. ते झालंच पाहिजे."

"मग जेवायला या. आज सांबाल कमी तिखट करते."

एक आठवड्याचे दोन झाले, मग हाजी मुनासिरांनी मोजणंच सोडलं. ड्रायव्हर तीन खेपा पूर्वीइतक्याच करत होते. वर त्यांच्या ब्रेकचे आणि टायरचे खर्च घटले होते, आणि ही गोष्ट हाजी स्वतःची युक्ती म्हणून सांगत फिरत होते. बाईंनी त्यांना फिरू दिलं.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी झेंडावंदन झालं, वर्ग झाले, बाई घरी आल्या. त्यांनी दोन वेळा भात घेतला, तिसऱ्यांदा कुस्वादींनी न विचारता वाढला. मग त्या व्हरांड्यातल्या वेताच्या आरामखुर्चीवर पाय पसरून पडल्या. रस्त्यावरून ट्रकांची घरघर येत होती, एक जायचा, दुसरा यायचा. आवाज ऐकता ऐकताच त्यांचा डोळा लागला. कुस्वादींनी आत जाऊन रेडिओ बंद केला आणि दार लोटून घेतलं.